पाण्यामागून चालणारी

आमच्या टेकडीवर येणारा रस्ता कोणाचाच नाही. मुलुंड स्टेशनकडून डोंगराच्या दिशेला चालत निघालं की आधी डांबर संपतं, मग सिमेंट संपतं आणि त्यानंतर जे उरतं तो आमचा रस्ता. लाल माती, खडी आणि मधूनच डोकं वर काढणारे दगड. वरच्या अंगाला तीसेक बैठी घरं, मध्ये एक वळण आणि वळणाच्या बरोबर पोटाखाली सहा घरांची आमची ओळ. त्या सहांतलं दुसरं घर माझं. घरात मी आणि आई. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे तिला बाहेर काढायचं म्हणजे खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं.

मी कुर्ल्याच्या एका ऑफिसात पत्रव्यवहार सांभाळायचो. एवढ्या भांडवलावर टेकडीने रस्त्याचे अर्ज लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात घातलं होतं. एका कार्यालयाचं उत्तर यायचं की सदर जागा आमच्या हद्दीत येत नाही. दुसऱ्याचं यायचं की जागा येते, पण ती रस्ता म्हणून येत नाही. फाइल फुगत चालली होती आणि तिचा मला थोडा अभिमानही होता. पावसाळ्याच्या तोंडावर खालच्या सहा घरांना नोटीस मात्र न चुकता यायची: दरडीचा धोका आहे, अन्यत्र जावे. अन्यत्र म्हणजे कुठे, ते आम्हीही विचारलं नाही. जाण्यासारखं कुठे असतं तर टेकडीवर कशाला राहिलो असतो?

इंदूमावशी परब माझ्या या फाइलीकडे सुकट निवडताना बघावं तसं बघायची.

"अर्जवाल्या," ती म्हणायची, "कागद भिजता रे. फावडा भिजला तरी चालता."

अर्जवाल्या हे माझं तिने ठेवलेलं नाव. माझं खरं नाव तिला शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

मावशी बुटकी, काटक, पाठीने सरळ. वय विचारलं तर "पेन्शन नाय ना मिळत, मगे वय कित्याक होया?" असं उलट विचारणार. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली, मागोमाग नवराही गेला आणि मावशीने भांडुपच्या एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागून एकट्या मुलाला वाढवलं. सव्वीस वर्षं तिने एकच काम केलं: समोरून सरकत जाणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटांत रिकामी जागा दिसली की ते पाकीट उचलून बाजूला काढायचं. त्या कामाने तिच्या नजरेला जी सवय लागली ती गेलीच नाही. गप्पा मारताना मध्येच ती तुमच्या खांद्यावरून पलीकडे बघून म्हणणार, "थयसर एक दगड हललो." आणि खरोखर हललेला असायचा.

पाणी हा मात्र तिचा त्याआधीचा विषय. कुडाळकडच्या तिच्या गावात वडिलांकडे पाटाचं काम होतं. ओढ्याचं पाणी पाटात घ्यायचं, कोणाच्या बागेत किती वेळ सोडायचं, कुठे फुटलंय ते बघून माती लावायची. मुलगी म्हणून हिला कोणी काही शिकवलं नाही. बापामागून चालून चालून जे कळलं ते कळलं. "पाण्याक पाय नसतत, पण अक्कल आसता," असं ती म्हणायची. "सोप्पी वाट तेका बरोबर गावता. आपण आधी दाखवली नाय तर तो आपली काढता." पाण्याला ती कधी 'ता' म्हणायची, कधी 'तो'. रागात असली की 'तो'.

पावसाची सर जोरात आली की सगळी टेकडी घरात आणि मावशी रस्त्यावर. पुरुषी काळी छत्री, साडी पोटरीपर्यंत खोचलेली, चपला हातात. चपला पायात का नाहीत, तर पायाला पाण्याची ओढ कळते म्हणून. वरपासून वळणापर्यंत जाणार, वळणावर थोडा वेळ उभी राहणार, परत फिरणार. आम्ही खिडकीतून बघायचो. नवीन राहायला आलेल्यांना वाटायचं बाई थोडी सरकलेली आहे. जुन्यांनाही अधूनमधून वाटायचं.

माणसंसुद्धा ती गटारावरून जोखायची. एकदा वरच्या ओळीतल्या एका मुलासाठी मुलीकडचे लोक चौकशीला आले. ते नेमके मावशीच्या दारात टेकले. मावशी म्हणाली, "झील चांगलो, नोकरी चांगली, घराण्यात खोट नाय. पण गटारात चायपत्ती टाकतत, ता मात्र आधीच सांगून ठेवतंय." लग्न झालं. चायपत्ती बंद झाली.

बरं, तिचं स्वतःचं घर टेकडीवर सगळ्यांत वर. रस्ता वाहून गेला असता तरी तिच्या उंबऱ्याला ओल लागली नसती. मग ही कशाला जिवाचा आटापिटा करते, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडायचा. त्याचं उत्तर मला आईने सांगितलं, आणि मग एकदा मावशीनेही, माझ्याकडे न बघता.

मी तेव्हा कॉलेजसाठी बाहेरगावी होतो. एका पावसात वळणाची कड सुटली आणि चिखलाचा लोंढा आमच्या ओळीतल्या पहिल्या घरात शिरला. कोणी दगावलं नाही. पण त्या घरातल्या म्हातारबाबांना खाटेसकट बाहेर काढावं लागलं आणि ते पुढे महिनाभर कोणाशी बोलले नाहीत, नुसते दाराकडे बघत बसायचे. सगळ्यांनी डोंगराला, पावसाला आणि सरकारला शिव्या दिल्या. मावशी दुसऱ्या दिवशी एकटी वळणावरून उलटी वर चालत गेली. पाण्याने कुठे माती उचलली, कुठे टाकली ते बघत बघत ती पोचली स्वतःच्याच दारात. आदल्या उन्हाळ्यात तिने घरापुढे ओटा बांधला होता. सकाळी बसायला, कुंड्या ठेवायला. तो ओटा गटारावर दीड हात पुढे आला होता. तिथे अडलेलं पाणी रस्त्यावर चढलं होतं आणि रस्ता धरून थेट वळणावर गेलं होतं.

हे कोणालाही कळलं नसतं. बघणारी नजर टेकडीवर एकच होती आणि ती हिचीच.

मावशीने शेजाऱ्याची पहार मागून आणली आणि भर सकाळी, सगळे नळावर असताना, ओटा फोडायला सुरुवात केली. लोकांनी विचारलं, काय झालं गं? तर म्हणाली, "माझोच ओटो तो. ह्येच्यामुळे बाबांच्या घरात चिखल गेलो." एवढं बोलून पुन्हा पहार. त्यानंतर वरच्या ओळीतल्या अकरा जणांनी गटारावर आलेल्या पायऱ्या मागे घेतल्या. कोणाला सांगावं लागलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. दोघातिघांना मावशीने सांगितलं. पण तिच्याशी भांडायची सोय तिने ठेवली नव्हती. स्वतःचं आधी फोडून आलेल्या बाईला काय उत्तर देणार?

तेव्हापासून रस्त्याची आखणी तिच्याकडे आली. कोणी दिली नाही, कोणी घेतली नाही.

वैशाखातल्या एका रविवारी सकाळी ती दोन हंडे पाणी घेऊन रस्त्याच्या माथ्यावर उभी राहायची. आमच्याकडे नळ तासभर येतो, त्यात ती प्यायच्या पाण्याचे दोन हंडे मातीत ओतणार म्हटल्यावर बायकांच्या जिवाचं पाणी व्हायचं. ती ढिम्म. हंडा कलता करून बारीक धार सोडायची आणि पाण्यामागून चालायला लागायची, लग्नात वरातीमागून चालतात तशी सावकाश. कमरेच्या पिशवीत रांगोळी. पाणी थांबलं की तिथे ठिपका: इथला गाळ काढायचा. फाटा फुटला की फुली: इथे माती लावून दाबायची. आणि जिथे पाणी रस्त्यावर जोर धरू लागेल तिथे या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ. तिथे आडवा चर खणायचा. वीतभर खोल, तिरका, दगड लावून पक्का केलेला, म्हणजे रस्त्यावरचं पाणी बाजूच्या ओहोळात जाईल, वळणापर्यंत पोचणारच नाही. असे पाच चर होते. माथ्यापासून वळणापर्यंत पाच.

तिच्यामागून आम्ही तीस-चाळीस माणसं. रस्त्याची योजना आमच्याकडे कागदावर नव्हती, रस्त्यावरच होती, आणि ती वाचायला सगळ्यांना यायची. पुढच्या रविवारी प्रत्येक घरातून एक माणूस, हातात घमेलं नाहीतर फावडं. आजारी असेल त्याने चहा करायचा.

मला तिने एकच काम दिलं. "तुझ्या अक्षराचो कायतरी उपयोग होवंदे," म्हणाली, आणि पाळीचा तक्ता लिहायला बसवलं. कोणत्या घराकडे कोणता टप्पा, मोठी सर येऊन गेली की कोणी कोणत्या चराच्या तोंडाशी अडकलेल्या पिशव्या आणि पानं काढायची, मुरूम कुठे झाकून ठेवलाय, नवरात्र संपलं की शेवटची डागडुजी कोणाची. ती बोलायची, मी लिहायचो. मी 'निचरा व्यवस्था' असं लिहिलं तर तिने खोडायला लावलं. "पाणी जावचा काम, असा लिव."

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल की टेकडी तिला डोक्यावर घेऊन नाचत असेल. छे. एका वर्षी आम्ही तिच्याशी महिनाभर धड बोललो नाही.

निवडणूक जवळ आली होती. एका उमेदवाराचा माणूस पांढरे बूट घालून वर आला. बूट वर येईपर्यंत लाल झाले होते. त्याने जाहीर केलं की वरच्या अर्ध्या रस्त्याला सिमेंटचा कोबा करून देतो, पुढच्या आठवड्यात काम सुरू. टेकडीवर आनंदीआनंद. सभा भरली ती मावशीच्याच घरात, कारण तिच्याकडे सगळ्यांत मोठी खोली आणि गुळगुळीत लादी.

"आणि गटार?" मावशीने विचारलं.

"गटार पुढच्या टर्मला घेऊ ना, मावशी."

"मगे रस्तो पण पुढच्या टर्माक घेवया."

तो हसला. सगळे हसले. मावशी उठली, तांब्याभर पाणी आणलं आणि लादीवर ओतलं. पाणी सुळकन त्याच्या बुटांपर्यंत गेलं. त्याने पाय वर घेतले. मग तिने आम्हा सगळ्यांना दारात उभं केलं आणि दुसरा तांब्या अंगणातल्या मातीत ओतला. ते पाणी इकडे घुटमळलं, तिकडे घुटमळलं, अर्धं जिरलं.

"सिमेंटावरना पाणी धावता," ती म्हणाली. "वर तुमी गुळगुळीत करतल्यात आणि थयसून सुटलेला पाणी वळणार जातला. खालच्या सहा घरांनी काय करूचा? पुरो रस्तो कर, गटारासकट कर, मी तुज्या नावान नारळ फोडतंय. अर्धो नको."

माणूस निघून गेला. कोबा गेला. आणि टेकडी पेटली. हिला कोणी अधिकार दिला? ही काय डोंगराची मालकीण? वरच्या लोकांचं समजू शकतो. पण मी खालच्या ओळीतला, ज्याच्यासाठी ती भांडली, तो मीसुद्धा फुरंगटून बसलो होतो. मला कोरड्या चपलांनी ऑफिसला जायचं होतं, एवढंच खरं कारण. आई म्हणाली, "अरे, तिने तुझी चप्पल घालवली आणि माझं घर ठेवलं. बघ जमतंय का समजायला." मला ते समजायला दोन वर्षं आणि एक गणपती लागला.

आमच्या टेकडीवरची वरची ओळ जवळजवळ सगळी कोकणातली. गणपतीला ती रिकामी होते. कुलपं लावून, बोजे बांधून सगळे गावाला. जगबुडी झाली तरी गणपतीला गाव चुकवणार नाहीत. मागे राहतात ते खालच्या ओळीतले आम्ही आणि टेकडीचं मंडळ. मंडळाचा अध्यक्ष बाळा मोरे. चाळिशीचा रिक्षावाला, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, डोकं मात्र अधूनमधून सुट्टीवर. मंडळाची मूर्ती खालून ट्रॉलीवर ओढत आणायची. त्या वर्षी तर मूर्ती आणखी मोठी घेतली होती, ट्रॉलीची चाकं लहान होती, आणि वाटेत मावशीचे पाच चर. बाप्पाला धक्का बसू नये म्हणून बाळाच्या पोरांनी पाचही चर राबिट टाकून, घरं पाडल्यावर निघतं ते विटांचं डबर टाकून, ठोकून सपाट केले.

हे ते दर वर्षीच करायचे आणि आगमन झालं की मावशीच्या वरच्या ओळीतले कोणीतरी ते मोकळे करून मगच गावची गाडी पकडायचे. त्या वर्षी आगमन उशिरा होतं. मावशीची गाडी आधी होती.

"बाळ्या, मूर्ती बसली की पयले चर उघड," ती जाताना बजावून गेली.

"टेन्शन नको घेऊ गं मावशी. एकदम झकास होईल सगळं."

मूर्ती वाजतगाजत आली, एकही धक्का न लागता. मग बाळाने विचार केला की दहा दिवसांनी विसर्जनाला ट्रॉली याच रस्त्याने खाली न्यायची आहे, मग आत्ता उकरायचं आणि तेव्हा परत भरायचं, हा डबल धंदा कशाला? आणि चर भरलेलेच राहिले. मला दिसत होते ते. मी रोज त्यांच्यावरून चालत होतो आणि रस्ता किती सरळ झाला म्हणून मनात खूशही होतो. हे मी कबूल केलेलं बरं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस लागला. तासभर झाला तरी हात आखडेना. मी दारात आलो तर वळणाच्या कडेवरून पाण्याची चादर खाली येत होती. आमच्या आणि पहिल्या घराच्या मधल्या बोळात ती पडत होती आणि पाण्याबरोबर बारीक खडी टपटपत होती. आतून आई म्हणाली, "काय रे, कसला आवाज?" तिला उचलायला चार माणसं लागतात आणि त्या क्षणी मी एकटा होतो.

मी मावशीला फोन लावून वळणावरून पाणी खाली येतंय म्हणून सांगितलं. गावाकडे भांड्यांचे आवाज, माणसांचा कलकलाट. नैवेद्य दाखवून पंगत बसत होती.

"पाण्याचो रंग सांग," ती म्हणाली.

"लाल. म्हणजे, चहासारखा."

"दुधाचो की बिनदुधाचो?"

मी वाकून बघितलं. "दुधाचा."

मग तिचा आवाज बदलला. "माती सुटली. पहार घे. चर उघडलेले नाय ना? बोलू नको, माका कळला. बाळ्याक घे आणि सगळ्यात वरचो चर पयलो उघड."

"मावशी, पाणी इथे पडतंय, माझ्या दारात! खालचा आधी—"

"थय काय दिसता ता बघू नको. खाली कितीय खणलास तरी वरना येतच रवतला. वरचो पयलो. मगे दुसरो. असो खाली ये."

म्हणजे दारात पाणी पडत असताना, आईला आत ठेवून, मी पाठ फिरवून वर चढायचं होतं. मी आईकडे बघितलं. तिने फोनवरचं सगळं ऐकलं होतं. "जा," ती म्हणाली. "इंदू सांगते ना, मग जा. मी कुठे पळून जातेय?"

बाळा मंडपात होता. त्याला ओढत नेलं. तो म्हणाला, अरे पण विसर्जन, अरे पण ट्रॉली, अरे मूर्तीला धक्का... मी फोन स्पीकरवर टाकून त्याच्या तोंडासमोर धरला.

"बाळ्या," मावशी ओरडली. "धा दिसांनी जेका तू पाण्यातच सोडतलंस, तेका आणूक पाण्याची वाट कित्याक बुजवलंस रे?"

बाळाने माझ्या हातातली पहार हिसकावून घेतली. पुढे त्याने जसं खणलं, तसं खणताना मी माणूस बघितलेला नाही. मंडळाची दहा-बारा पोरं धावून आली, कोणी फावड्याने, कोणी ताटाने, कोणी नुसत्या हातांनी राबिट उपसलं. मीही उपसलं. माझी नखं तुटली, चष्मा चिखलाने भरला. पहिला चर मोकळा झाला आणि पाणी एकदम वळून ओहोळात धाडकन पडलं. तो आवाज ऐकून मला रडू आलं, ते पावसात कोणाला दिसलं नाही हे बरं झालं. मग दुसरा. तिसरा. चौथ्याला येईपर्यंत रस्त्यावर पाणीच कमी उरलं होतं. तेव्हा कळलं, तिने वरून का सुरुवात करायला लावली.

पाचवा उघडून आम्ही वळणावर आलो. कडेचा हातभर तुकडा गेला होता. बाकी कड उभी होती. बोळात पडणारी चादर थांबून नुसती धार उरली होती. मी खाली धावत गेलो. आई खाटेवर बसून शांतपणे वाती वळत होती. जमिनीवर एक ओला डागसुद्धा नव्हता.

फोन चालूच होता. खिशात भिजून कसा वाचला, देव जाणे.

"मावशी," मी म्हटलं, "बिनदुधाचा झाला."

मग मागे कोणीतरी तिला हाक मारली आणि ती म्हणाली, "हां, वाढ आता. मी जेवतंय." चार वाजत आले होते. गणपतीच्या पंगतीचं पान तिने तसंच ठेवलं होतं.

गावाहून आली ती बाळाला काहीतरी बोलेल म्हणून आम्ही सगळे मजा बघायला जमलो. तिने त्याच्या हातावर गावचं गुळाचं खाजं ठेवलं आणि विचारलं, "हात बरे झाले?" बाळा ओक्साबोक्शी रडला. पुढच्या वर्षी त्यानेच कुठल्याशा पाडकामातले जुने दरवाजे मिळवून आणले. आता आगमनाच्या दिवशी चरांवर दरवाजे आडवे टाकतात, बाप्पा त्यावरून येतात, आणि ट्रॉली पुढे गेली की मागून दरवाजे उचलतात. माझ्या तक्त्यातही एक रकाना वाढला: गावाला कोण जाणार आणि त्याचा टप्पा मागे कोण बघणार, नावानिशी. कुलूप लावायच्या आधी तिथे सही करायची, असा मावशीचा हुकूम.

मग तिचे गुडघे गेले. मुलाने बोरिवलीला सातव्या मजल्यावर नेलं. लिफ्ट होती, सून प्रेमळ होती, तक्रारीला जागा नव्हती. तरी दोन वैशाख ती रिक्षाने आली, माथ्यावर खुर्ची टाकून बसली आणि हंडा बाळाच्या बायकोच्या हातात दिला. रांगोळी आता तीच टाकते. पहिल्या वर्षी मावशीने तिचा एक ठिपका पुसायला लावला, दुसऱ्या वर्षी एकही नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात मावशी गेली. दुखणं असं काही नव्हतं. सकाळी उठली नाही.

मला ती दिसते ती मात्र जाण्याआधीच्या श्रावणातली. बोरिवलीहून आईला भेटायला म्हणून दुपारची आली होती. दोघी जेवल्या, कोणाच्या सुना कशा आहेत ते बोलून झालं, आणि बाहेर अंधारून आलं. बघता बघता असा पाऊस कोसळायला लागला की समोरचं घर दिसेना. वरून बाळाची हाक आली. टेकडीवरची दारं पटापट उघडली, ज्याचा त्याचा टप्पा ठरलेला. मीही छत्री शोधत होतो. मावशी खुर्चीतून उठायला लागली, गुडघ्याने तिला परत बसवलं. मी म्हटलं, "मावशी, तू बस. मी बघून येतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. जन्मभर कागद काळे करणाऱ्या माणसावर विश्वास टाकायचा की नाही, याचा विचार करत असावी.

मी माथ्यापर्यंत गेलो, चपला हातात घेऊन. पाचही चर धो धो वाहत होते. तिसऱ्याच्या तोंडाशी नारळाची झावळी अडकली होती, ती काढली. वळणावर उभा राहिलो, पाणी ओंजळीत घेऊन बघितलं. गढूळ होतं, पण तळहात दिसत होता. अर्ध्या तासाने, नखशिखांत भिजून, सगळं ठीक आहे हे तिला कधी एकदा सांगतो असं होऊन मी घरात शिरलो.

आईने ओठांवर बोट ठेवलं.

बाहेर पाऊस तसाच कोसळत होता, पत्रे वाजत होते, आणि वळणाच्या बरोबर खालच्या त्या घरात, आईच्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून इंदूमावशी गाढ झोपली होती. बारीक घोरत होती. मी आईला खुणेनेच सांगितलं, चहा थोड्या वेळाने टाकू.